काटा उतरला त्या दिवशी

माझ्या नवऱ्याच्या पुण्यानुमोदनाला वस्तीतल्या विहारात पाच भाषणं झाली आणि पाचही भाषणांत एकच खोटी गोष्ट सांगितली गेली. बोलणारे खोटारडे नव्हते. खोटं बोलायला आधी खरं काय ते ठाऊक असावं लागतं, आणि तेवढी तसदी त्यांच्यापैकी एकानेही घेतली नव्हती. "भाऊंचं प्रेशर एकाएकी वाढलं आणि ते आपल्याला सोडून गेले," असं पहिल्याने लाऊडस्पीकरवर सांगितलं. दुसऱ्याने त्यात टेन्शन घातलं. तिसरा नगरपालिकेत कारकून होता. त्याने मीठ आणि पापड यांवर दहा मिनिटं घेतली. चौथ्याने स्वतःचंच प्रेशर किती आहे ते सांगितलं. पाचवा नवऱ्याच्या पाळीतला सोबती. तो माईक धरून रडला आणि रडता रडता म्हणाला, "प्रेशरनं आमच्या भाऊचा घात केला."

मी पांढरी साडी नेसून सतरंजीवर बसले होते. कुणीतरी वाकून कानाशी विचारलं, "बाई, तुम्ही दोन शब्द बोलता का? तुम्ही शिकलेल्या." मी मान हलवून नाही म्हटलं. दुःखाने माझ्या तोंडून शब्द फुटत नाही असं लोकांना वाटलं. शब्द भरपूर होते. पण या माणसांपुढे ते खर्च करावेत असं मला वाटलं नाही.

कारण त्या दिवशी प्रेशर वाढलं नव्हतं. उतरलं होतं. एकशेवीसवर ऐंशी. वीस वर्षांत त्यांच्या दंडातून इतका चांगला आकडा निघाला नव्हता, आणि त्या चांगल्या आकड्याने ते गेले.

हे मी आता लिहिते आहे, सावकाश. घाई कसली नाही.

माझे यजमान घाटाच्या पायथ्याच्या वीजघरात होते. वर डोंगरावर तलाव, तिथून लोखंडी नळ खाली उतरलेले. आत माणूस ताठ उभा राहील एवढे ते नळ. खोपोलीत कुठेही उभं राहिलं तरी दिसायचे. या नळांच्या वरच्या टोकाला व्हॉल्व्ह, आणि तिथे दाब दाखवणारी घड्याळासारखी यंत्रं. ती यंत्रं वाचणं हे त्यांचं काम. आधी नखाने काचेवर दोनदा टकटक करायची, काटा हलून पुन्हा स्थिर झाला की मगच आकडा लिहायचा. ही टकटक त्यांनी तीस वर्षं केली. घरीही तीच सवय. रॉकेलच्या स्टोव्हला पंप मारताना कान लावून ऐकायचे. कुकरच्या शिट्ट्या मला मोजू द्यायचे नाहीत. सायकलच्या टायरला अंगठा दाबून "दोन पौंड कमी हाय" असं सांगायचे आणि ते खरं का खोटं हे कधी कुणी तपासलं नाही, म्हणून ते नेहमीच खरं ठरायचं.

अशा माणसाला चाळिशीत रक्तदाब निघाला. दुसरा कुणी घाबरला असता. हे खूश झाले. आपल्या अंगातही एक दाब आहे, त्यालाही आकडा आहे, हे कळल्यावर त्यांना शरीराबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. पुढे त्यांनी मुंबईहून दंडाला बांधायचा पट्टा आणला. पाऱ्याचा नव्हे, काट्याचा. रोज सकाळी चहाआधी पट्टा बांधायचा, रबरी फुगा दाबायचा, काचेवर नखाने टकटक, मग वहीत आकडा. वहीच्या वर 'सकाळपाळी' असं लिहिलेलं.

"शरीर म्हंजे काय गं? नळी ती नळी," ते म्हणायचे. "वर दाब, खाली दाब. लोखंडाची काय न् मांसाची काय."

ते असं म्हणाले की मी पुस्तक तोंडापुढे धरायची. मी खोपोलीतल्या शाळेत विज्ञान शिकवत होते. नळी ती नळी नसते, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

माझं माहेर दहिवलीचं. आमच्यात कॉलेजात गेलेली मी पहिलीच मुलगी. तिथे प्रयोगशाळेत एकदा जिवंत बेडकाच्या मागच्या पायाच्या बोटांमधली पातळ कातडी फळीवरच्या भोकावर ताणून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली होती. त्या कातडीत रक्ताच्या बारीक वाहिन्या दिसत होत्या आणि त्यांतून रक्तपेशी एकामागोमाग एक चालल्या होत्या. शिकवणाऱ्या बाईंनी फळी एका बाजूने खाली कलवली. पाय खाली गेला, म्हणजे त्यातला दाब वाढला. मला वाटलं, आता वाहिनी फुगणार. ती आखडली. बाईंनी फळी पुन्हा वर केली, दाब कमी झाला, तशी ती सैल होऊन रुंद झाली. मी तीनदा कलवायला लावलं. तिन्ही वेळा तेच.

तिसऱ्या वेळी नवल उरलं नाही, कारण हे मी घरी पाहिलेलं होतं. आमच्या भागात उन्हाळी भाताला वीजघरातून सुटलेल्या पाण्याचा कालवा. मुंबईला वीज जास्त लागली की कालव्यात पाणी चढायचं, कमी लागली की उतरायचं, दिवसातून दोन-तीनदा. माझे वडील खाचराच्या बांधावर उभे असायचे. पाणी चढलं की पायाने एक ढेकूळ सरकवून बांधाचं तोंड अरुंद करायचे, उतरलं की तेच ढेकूळ पायाने बाजूला सारायचे. वर काहीही होवो, रोपांना लागेल तेवढंच पाणी आत जायचं. त्यांना वरून कुणाचा हुकूम यायचा नाही. पाणी पायाला लागायचं, पाय हलायचा. बारीक रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायूचं कडं असतं, ते हेच करतं. दाब वाढला की ते स्वतःहून आवळतं, म्हणजे पलीकडच्या केसापेक्षा बारीक वाहिन्यांवर आघात होत नाही. दाब उतरला की ते सैल होतं, म्हणजे मेंदूला, मूत्रपिंडाला रक्त कमी पडत नाही. लोखंडाचा नळ यातलं काहीही करत नाही. तो मठ्ठ असतो.

हे मी त्यांना दाखवायचं ठरवलं. लग्नाला आठ-दहा वर्षं झाली असतील, तेव्हाही मला वाटायचं की दाखवलं की माणसाला दिसतं. हेडमास्तरांची परवानगी काढून शाळेचा एकुलता एक सूक्ष्मदर्शक रविवारी पेटीत घालून खोपोलीतल्या शिळफाट्याच्या आमच्या खोलीवर आणला. बेडूक पागोळीखालच्या डबक्यातला. दोन तास खपून मी कातडी ताणली, आरसा उन्हाकडे वळवला, वाहिनी बरोबर मधोमध आणली आणि त्यांना बोलावलं.

त्यांनी एक डोळा मिटला, दुसरा लावला. बराच वेळ पाहिलं.

"दिसलं?"

"दिसतंय."

"काय दिसतंय?"

"झाडू."

ती त्यांचीच पापणी होती. मी डोळा थोडा मागे घ्यायला सांगितलं. मग त्यांना काहीच दिसेना. शेवटी ते उठले आणि सूक्ष्मदर्शकाच्या नळीवर नखाने दोनदा टकटक केली.

माझी मेहनत वाया गेली. बेडूक उडी मारून कपाटाखाली गेला आणि दोन दिवस तिथून ओरडत राहिला. त्या दिवसापासून मी त्यांना काही समजावून सांगायचं सोडलं. म्हणजे सांगत राहिले, पण आठवीतल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाला सांगतात तसं. याला कळणार नाही हे आधीच धरून. तसं सांगितलेलं कुणालाच कळत नाही, हे मास्तरीण म्हणून मला ठाऊक असायला हवं होतं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. त्या यांनी नीट घेतल्या असत्या तर ही हकीकत इथेच संपली असती. पण गोळी चालू असताना घेतलेलं वाचन खरं वाचन नव्हे, असा त्यांचा सिद्धांत होता. "व्हॉल्व्ह बंद करून दाब बघशील तर काय कळणार?" म्हणून महिनाभर गोळ्या घ्यायच्या, मग खरा दाब किती आहे ते पाहण्यासाठी पंधरा दिवस बंद करायच्या. खरा दाब दोनशेच्या आसपास निघायचा. तो वहीत लाल शाईने लिहायचा आणि समाधानाने चहा प्यायचा. वीस वर्षं. डोकं दुखायचं, नाकातून रक्त यायचं, सिद्धांत ढळला नाही. मी सांगायची, ते हसायचे, मी पुस्तक उघडायची. आमच्या संसाराचं सगळं संभाषण या तीन क्रियांत बसेल.

त्यातच एकदा मी मुंबईहून फुटपाथवरून शरीरशास्त्राचं एक जाड, पुठ्ठा गेलेलं पुस्तक आणलं. त्यात माझ्या बांधावरच्या पायाची पुढची हकीकत होती. कालवा वर्षानुवर्षं भरलेलाच राहिला तर काय होतं? बारीक वाहिन्यांची कडी सतत आवळून आवळून जाड होतात. चढ्या दाबाची त्यांना सवय लागते. तोच त्यांना बरोबर वाटू लागतो. अशा माणसाचा दाब हळूहळू, महिन्यांच्या हिशेबाने उतरवला तर कडीही सवय मोडतात. पण एकदम उतरवला तर ती कितीही सैल झाली तरी ते पुरत नाही. दुसऱ्याला जो दाब निरोगी, तो याच्या मेंदूला दुष्काळ. पाणी खाली, तोंड अरुंद, आणि ढेकूळ हलत नाही.

ते पान मी दोनदा वाचलं आणि खूण घालून ठेवलं. त्यांना वाचून दाखवलं नाही. पुस्तक इंग्रजी होतं, हे कारण मी स्वतःला दिलं.

एकोणीसशे ऐंशीनंतरच्या काही वर्षांतली गोष्ट. वरच्या व्हॉल्व्हवर काम करणाऱ्यांना दर साली गावातल्या डॉक्टरांकडून तब्येत ठीक असल्याचा दाखला आणावा लागे. इतकी वर्षं तो मिळत गेला, कारण आधीचे डॉक्टर म्हातारे होते आणि त्यांना नीट ऐकू येत नव्हतं. त्यांच्या जागी नवे आले. त्यांनी पहिल्याच वर्षी सांगितलं, "या वेळी सही करतो. पुढच्या वर्षी एवढा आकडा असेल तर नाही करणार." दाखला नसेल तर वरच्या कामावर राहता येणार नव्हतं, खाली भांडारात बसावं लागणार होतं. नट, बोल्ट, चिंध्या द्यायच्या-घ्यायच्या. पगार तोच. निवृत्तीला दोन वर्षं.

मला यात वाईट काय ते समजेना. भांडारात सावली होती, पंखा होता, चढण चढायची नव्हती. मी तसं म्हटलं. ते पहिल्यांदा माझ्यावर हसले नाहीत.

"तिथं काटा नाय," ते म्हणाले.

या उत्तराची मी मनात किती टर उडवली ते आज लिहवत नाही. साठीला आलेला माणूस आणि याचं आयुष्य काय, तर एका काचेमागची सुई! माझी शाळा काढून घेऊन मला कुणी पाटी-पेन्सिलीच्या कपाटापाशी बसवलं असतं तर मला कसं वाटलं असतं, हा विचार मी त्या वेळी केला नाही.

पुढच्या वर्षी दाखल्याच्या आठवडाभर आधी त्यांचा तो सोबती घरी आला. पुढे माईकवर रडला तोच. वयाने दोन-तीन वर्षांनी लहान, अंगाने दांडगा, आणि जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्याच्याकडे खिशात उपाय. त्याने काड्यापेटी काढली आणि टेबलावर उघडली. आत काड्या नव्हत्या. चार नारिंगी कॅप्सुला होत्या, मऊ, आत द्रव.

"आमच्या आईचं प्रेशर डोक्यात गेलं व्हतं वैनी. ह्यातली एक दातानं फोडली न् जिभेखाली धरली. पंधरा मिन्टात खाली! डाक्टरानंच दिली. शंभर रोग्यांना देतात."

नवऱ्याने एक कॅप्सूल चिमटीत धरून उजेडाकडे केली. असा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"अरं, हा तर व्हॉल्व्ह हाय. खरा व्हॉल्व्ह."

"मग! दाखल्याच्या दिशी एक फोडायची. डाक्टर बघंल, काटा खाली. सही ठोकंल. हाय काय न् नाय काय."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. "व्हॉल्व्ह नाही तो," मी म्हटलं. "वीस वर्षं चढलेलं पंधरा मिनिटांत उतरवायचं नसतं. बारीक वाहिन्यांना तेवढं सैल होता येत नाही."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे.

"हे कुणी सांगितलं वैनी?" सोबती म्हणाला. "बेडकानं?"

कपाटाखालचा बेडूक सगळ्या वीजघरात माहीत होता. नवरा खो खो हसला. "तो ओरडत व्हता रं दोन दिस. हेच सांगत असंल, आमालाच कळलं नाय."

"मग बरोबर हाय. वैनींची न् त्याची भाषा एक. दोघं खाचरातल्या पान्यातली."

मी आत गेले. जाड पुस्तक फडताळात होतं, खुणेचा कागद बाहेर डोकावत होता. ते नेऊन टेबलावर आपटता आलं असतं. प्रत्येक ओळ मराठीत करून सांगता आली असती. तो तर माझा धंदा होता. पण त्या दोघांच्या तोंडांकडे पाहून मला वाटलं, कशाला? दगडावर पाणी. मी भाकऱ्या थापायला घेतल्या.

दाखल्याच्या दिवशी सकाळी त्यांनी पट्टा बांधला, फुगा दाबला, टकटक केली. दोनशेवर एकशेदहा. मी सहामाहीच्या उत्तरपत्रिका पिशवीत भरत होते. काड्यापेटी त्यांच्या हातात होती.

"एक फोडू का दोन गं?"

ते मला विचारत होते. थट्टेने नाही. तीस वर्षांत शरीराच्या बाबतीत त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. आवाज जरा खाली होता. त्या आवाजाकडे मी लक्ष दिलं असतं तर एवढंच म्हणायचं होतं: एकही नको, भांडारात बसा, मला तुम्ही हवे आहात. यातलं शेवटचं बोलायची आमच्यात पद्धत नव्हती, पण पहिली दोन तरी.

मी पिशवीची नाडी ओढत म्हटलं, "तुमचा काटा, तुमचं तुम्ही बघा. मी आपली बेडकांना शिकवणारी."

आणि शाळेत गेले.

पुढचं सगळं सोबत्याने सांगितलं. तो बरोबर होता. एक घरातून निघताना फोडली. दवाखान्याच्या पायरीवर चेहरा तांबडा झाला, डोकं ठणकू लागलं, पण काटा पुरेसा उतरला नसेल या भीतीने दुसरीही फोडली. नंबर यायला अर्धा तास लागला. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि म्हणाले, "वा! एकशेवीसवर ऐंशी. पथ्य पाळलेलं दिसतंय." सही केली. नवरा बाहेर बाकावर येऊन बसला, दाखला सोबत्याला दाखवला आणि म्हणाला, "बघ रं, काटा कसा..." त्यापुढचे शब्द जाड आले, जीभ वळत नसल्यासारखे. सोबत्याला वाटलं, थट्टा करतात. मग दाखला हातातून खाली पडला आणि तो उचलायला उजवा हात गेलाच नाही.

मी पोचले तेव्हा ते जीपमध्ये आडवे होते. मला पाहून काहीतरी बोलले. काय ते कळलं नाही. मी कान अगदी तोंडाशी नेला. त्यांनी पुन्हा म्हटलं, पुन्हा कळलं नाही. मोठ्या इस्पितळात तीन दिवस ते तेच, तेवढंच म्हणत होते, आणि सगळं कळणाऱ्या मला तेवढं कळलं नाही. चौथ्या दिवशी पहाटे गेले.

दाखल्यावर सही करणारे डॉक्टर घरी भेटायला आले. खुर्चीच्या कडेवर बसले. "काय सांगू बाई, प्रेशर अगदी नॉर्मल होतं हो."

"दोन कॅप्सुला फोडल्या होत्या," मी म्हटलं. "येण्याआधी."

"मग उतरलं ते बरंच झालं की. एरवी तिथेच गेले असते."

शिकलेला माणूस. भिंतीवर टांगायला पदवी होती. मी चहा विचारला नाही. मला एवढंही ठाऊक आहे की माझं पुस्तक जुनं होतं आणि मी डॉक्टर नाही. ते कदाचित तसेही गेले असते, त्या वर्षी नाही तर पुढच्या. हे मी रात्रंदिवस स्वतःला सांगून पाहिलं आहे. पटत नाही.

विहारातला कार्यक्रम झाला, लोक खीर खाऊन गेले. पुढे वर्षभर मी कुणाला काही बोलले नाही. वही तशीच होती. शेवटच्या पानावर शेवटची ओळ, दोनशेवर एकशेदहा, लाल शाईत. खाली दुसऱ्या दिवशीच्या वाचनासाठी रिकामी रेघ ओढलेली.

वर्ष संपता संपता एका संध्याकाळी सोबती दारात. हातात केळ्यांची फणी.

"वैनी, भाऊचं मशीन हाय का अजून? जरा बांधा की दंडाला. उद्या माझा दाखला हाय."

मी पट्टा बांधला. टकटक केली नाही. एकशेनव्वदवर एकशेदहा. आकडा सांगितला, तसा त्याने सुस्कारा टाकला आणि खिशात हात घातला. तीच काड्यापेटी, किंवा तसलीच.

मला तो माणूस आवडत नव्हता. आजही आवडत नाही. त्याचा विनोद, त्याचं माईकवरचं रडणं, केळी घेऊन येणं, सगळ्याचा मला तिटकारा होता. तुमचं तुम्ही बघा, हे वाक्य जिभेवर तयार होतं, आणि ते या माणसाला शोभलंही असतं.

"त्या दिवशी भाऊंचं प्रेशर वाढलं नव्हतं," मी म्हटलं. "उतरलं होतं. तुम्ही स्वतः ऐकलंत, एकशेवीसवर ऐंशी."

"आवो, म्हंजे मग..."

"बसा."

मी पुस्तक आणलं नाही. परातीत पाणी घेतलं, अंगणातली माती कालवून तिचा बांध केला, तोंड ठेवलं. बोटाने ढेकूळ सरकवून दाखवलं, पाणी चढलं की काय, उतरलं की काय. मग त्या ढेकळाला चुलीशी धरून सुकवलं, घट्ट बसवलं आणि पाणी एकदम काढून घेतलं. पलीकडे एक थेंब गेला नाही. तो खालापुरातल्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याला बेडूक लागला नाही, इंग्रजी लागलं नाही. पाच मिनिटांत कळलं. हे परातीतलं पाच मिनिटांचं काम मला तीस वर्षांत सुचलं नव्हतं.

त्याने ते सुकलेलं ढेकूळ बोटाने ढकलून पाहिलं. मग म्हणाला, "म्हंजे मी मारला भाऊला?"

हो म्हणायची फार इच्छा झाली.

"तुम्ही दिली," मी म्हटलं. "त्यांनी मला विचारलं होतं, फोडू का. मी नको म्हटलं नाही."

मी काड्यापेटी त्याच्या हातातून घेतली. मग त्याचा स्वर बदलला. "आवो पन वैनी, उद्या सही नाय झाली तर भांडार! नट मोजायचे? ह्या वयात?"

"मोजा."

"तुमाला काय जातंय सांगाया! मास्तरीण ती मास्तरीण."

केळी ठेवून तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी कॅप्सूल न घेता गेला. डॉक्टरांनी सही केली नाही, गोळ्या लिहून दिल्या. भांडारात बसला. गोळ्या रोज घेतो, हे त्याच्या बायकोने सांगितलं. बसल्या बसल्या दुसरं करायला काही नसतं म्हणून.

त्याची जागा मी घालवली असं तो सगळीकडे सांगतो. भाऊच्या विधवेने दुस्वासाने घालवली, असं. शिळफाट्याच्या बाजारात समोर आला की तोंड फिरवतो आणि मी पुढे गेले की पाठीमागून जे काय बोलायचं ते बोलतो. मी थांबून ऐकते. एक शब्दही जाड येत नाही. सगळ्या शिव्या स्पष्ट कळतात.